स्पॅनिशच्या वर्गात मत घरून आणायचं

तुमची रोजीरोटी ज्याच्या हातात आहे त्याला समोरासमोर 'मला तसं वाटत नाही' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? नंतर चहाच्या गाड्यावर मित्रांना सांगितलंत ते धरायचं नाही. मनातल्या मनात म्हणालात तेही नाही. माणूस समोर बसलेला, तुमचं काम त्याच्या शब्दावर अवलंबून, आणि तुम्ही तोंड उघडलंत, असं कधी झालं? आठवायला वेळ लागत असेल तर संकोचू नका. मी हा प्रश्न नऊ वर्षं विचारते आहे. झटकन उत्तर देणारा माणूस अजून भेटलेला नाही.

हा प्रश्न विचारणं माझ्या कामाचा भाग आहे. मी सोलापुरात स्पॅनिश शिकवते. हे सांगितलं की लोक आधी 'सोलापुरात?' असं विचारतात आणि मग जरा आवाज खाली आणून, 'चालतं का?' असं. चालतं. साखर पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे, चार बाक आणि एक फळा. खाली मशीनची घरघर, वर आमची क्रियापदं. शिकायला येणारे बहुतेक पुण्याच्या कंपन्यांत नोकरी मिळावी म्हणून येतात, कारण तिथं स्पॅनिश येणाऱ्याला मान आहे. काही टॉवेलवाले येतात, ज्यांचा माल पेरू आणि चिलीला जातो. मोहोळचे एक एसटी कंडक्टर दोन वर्षं येत होते, ते फक्त फुटबॉलची कॉमेंट्री कळावी म्हणून. त्यांची पहिल्याच दिवशीची मागणी मी वहीत लिहून ठेवली आहे: "मॅडम, लई काय नको. पंच चुकला हे इज्जतीत कसं म्हणायचं तेवढं सांगा की."

या सदरात सहसा निवृत्त माणसं लिहितात. मी तेहेतीस वर्षांची आहे आणि निवृत्त व्हायचा माझा विचार नाही. पण माझ्या हातून या कामात एक मोठी चूक झाली, आणि ती एका विद्यार्थिनीनं माझ्या तोंडावर सांगितली. ती हकीकत लिहायची ठरवली आहे.

आधी धंद्यातली गोम सांगते, फार नाही. स्पॅनिशमध्ये मत देताना क्रियापद तुमची बाजू उघड करतं. 'बस आज येते असं मला वाटतं' याला म्हणायचं, 'क्रेओ के एल आउतोबूस येगा ओय'. आणि 'बस आज येईल असं मला वाटत नाही' म्हणताना त्या 'येगा'चं 'येगे' होतं. जे तुम्ही ठामपणे मांडता त्याला साधं रूप. जे नाकारता, ज्याची शंका घेता, जे व्हावंसं वाटतं, किंवा ज्याला चांगलं, वाईट, अन्यायाचं ठरवता, त्याला दुसरं रूप. आपल्याला हे अगदीच परकं नाही. 'तो येतो' आणि 'त्यानं यावं' यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. स्पॅनिश माणूस तो फरक दिवसातून शंभर वेळा पाळतो, एवढंच.

मला हा प्रकार शिकताना अजिबात आवडला नव्हता. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. विडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची, शिक्षकांची, सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापून व्हायची आणि बिघडलेले कागद घरी यायचे. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. पत्रकात निषेध असतो, मागणी असते, इशारा असतो, शंका नसते. 'झालेच पाहिजे' ही माझी मातृभाषा. त्यामुळे 'मला असं वाटत नाही की असं असावं' या वळणाची मला पळवाट म्हणून चीड यायची. घाबरट माणसांचं व्याकरण, असं मी पुण्यात शिकताना एका सरांना म्हटलं होतं. ते हसले आणि म्हणाले, शिकवायला लागलीस की बोलू.

शिकवायला लागले आणि वेगळंच संकट समोर आलं. माझ्या विद्यार्थ्यांना ठाम रूपही वापरायचं नव्हतं आणि शंकेचंही नाही. त्यांना मतच द्यायचं नव्हतं. वरच्या पातळीच्या परीक्षेत तोंडी भाग असतो. एक विषय देतात, तुम्ही मत मांडायचं, मग परीक्षक उलट प्रश्न विचारतात. मी वर्गात विषय द्यायची आणि समोरून एकच प्रश्न यायचा: मॅडम, यात मत काय लिहायचं? गाईड वाचून, आयएमपी प्रश्न घोकून पदवीधर झालेली ही मुलं. घरी मोठ्यांनी विचारलं तर 'तुम्ही म्हणाल तसं', कॉलेजात विचारलं तर 'सर सांगतील तसं'. मतही कुठंतरी छापील मिळत असेल असा त्यांचा समज.

आणि मी ते छापून दिलं.

हीच ती चूक. पत्रकांवर वाढलेल्या बाईच्याच हातून व्हावी अशी. मी दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद तयार केला, दहा विषय आणि दहा मतं, स्पॅनिशमध्ये, एकदम धारदार. खालच्या दुकानातून प्रती काढल्या आणि वाटल्या. मुलं खूश झाली. माझ्या मनात असं होतं की निदान चांगली मतं तरी पाठ होतील. सात नंबरला विषय होता, 'घरून काम करणं'. माझं मत: घरून काम ही फसवणूक आहे, कारखाना आपला पसारा बाईच्या घरात ढकलतो आणि जबाबदारी झटकतो. हे मी वडिलांच्या एका जुन्या पत्रकावरूनच घेतलं होतं. आजही ते मला बरंचसं खरं वाटतं.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये तहसीन होती. विजापूर वेशीजवळ राहणारी, बी.कॉम. झालेली, सडपातळ, आणि कान असा की एकदा ऐकलेला उच्चार दुसऱ्यांदा विचारायची नाही. तिचे वडील गफूरभाई टेम्पो चालवतात, कधी माल, कधी सहलीला आलेल्यांचं सामान. आई रझियाबी घरी शिलाई करते, एवढंच मला माहीत होतं. तहसीनला पुण्यातल्या एका कंपनीनं निवडलं होतं, अट एकच: परीक्षेचं सर्टिफिकेट आणा.

आणि पुढच्या बाकावर बसायचे नरसय्या शेठ. वय अठ्ठावन्न, टॉवेलचा कारखाना, मागावर स्वतः बसून वर आलेले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि मला 'टीचरम्मा' म्हणायचे. ते वर्गात का आले, त्याची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. लिमाच्या एक खरेदीदार बाई व्हिडिओवर तीन रंग दाखवून विचारत होत्या, यातला कुठला चांगला वाटतो. शेठनी दुभाष्याला सांगितलं, तिन्ही चांगले. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तिन्ही चांगले. तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं, तुम्ही अंघोळीनंतर टॉवेल वापरता ना? शेठ म्हणायचे, "टीचरम्मा, तीस वर्षं माल बोलला, मी गप्प. आता ही बाई म्हणती, मालाला नको, तुला विचारते." म्हणून हा माणूस साठीला आलेला असताना मत द्यायला शिकत होता. मला त्यांचं कौतुक होतं, आणि ते आजही आहे. पुढं जे घडलं ते वाचतानाही हे लक्षात ठेवा.

तहसीन पुण्याला परीक्षा देऊन आली आणि निकाल लागला तेव्हा लेखी, वाचन, ऐकणं, सगळ्यात उत्तम. तोंडीत नापास. मला खरंच वाटेना. ती आठवडाभर वर्गात आली नाही. आली तेव्हा बाकी सगळे जाईपर्यंत थांबली आणि तो कागद, माझा दहा मतांचा, टेबलावर ठेवला.

तिला विषय आला होता सात नंबरचा. तिनं सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. परीक्षक बाई हसल्या, छान म्हणाल्या, आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला: तुमच्या ओळखीत घरून काम करणारं कोणी आहे का?

"मी नाही म्हणाले, मॅडम," तहसीन म्हणाली. "माझी आई सोळा वर्षं घरात टॉवेलच्या कडा शिवती. मी तिला नाही म्हणाले. त्याच्यानंतर मला पुढचं एक वाक्य येईना."

मी विचारलं, का गं, सांगायचं की आहे म्हणून.

"सांगितलं असतं तर तिला फसलेली बाई म्हणावं लागलं असतं. कागदावर तसं आहे. ते मत तुमचं होतं, मॅडम. माझं नव्हतं."

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. आईकडे येणारा टॉवेलचा गठ्ठा नरसय्या शेठच्या कारखान्यातून येतो. शेठना माहीत नाही, कारण वाटप करणारा मधला माणूस वेगळा. पण ती वर्गात इतके दिवस फक्त गुळगुळीत का बोलत होती, ते मला तेव्हा कळलं. तिच्या पुढच्या बाकावर तिच्या आईचं काम बसलेलं होतं. आणि मी फळ्याशी उभी राहून निर्भयतेवर भाषणं देत होते.

कंपनीनं तिला कळवलं होतं: पुन्हा बसणार असाल तर दोन महिने जागा ठेवतो, त्यापुढं नाही.

मी तो कागद सगळ्यांकडून परत मागवला. वर्गात एकच नियम केला, मत घरून आणायचं. पुस्तकातून नाही, माझ्याकडून तर नाहीच. प्रत्येक शनिवारी एकानं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याला अडवायचं, पण त्याचं वाक्य आधी जसंच्या तसं उच्चारून. 'तुम्ही म्हणता की अमुक, मला तसं वाटत नाही.' त्या दुसऱ्या रूपाचं सौंदर्य मला तेव्हा कुठं दिसायला लागलं. नाकारायच्या आधी समोरच्याचं म्हणणं तुम्हाला स्वतःच्या तोंडात घ्यावं लागतं. ते घाबरट माणसांचं व्याकरण नव्हतं. ऐकून घेणाऱ्यांचं होतं. पत्रकात मी ते कधी शिकले नव्हते.

पहिले शनिवार गमतीचे गेले. एका मुलानं सिद्ध केलं की त्याच्या आजोबांना मोबाइल देऊ नये. कंडक्टरसाहेब खास मोहोळहून येऊन पंचांच्या बाजूनं बोलले, आणि सगळे चाट पडले. मग तहसीनची पाळी आली. तिनं स्वतःहून विषय घेतला: घरून काम. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, त्या दिवशी मी शेठना काहीतरी निमित्त काढून सुट्टी देते.

ती म्हणाली, "आणि परीक्षेत, मॅडम? तिथं पण समोरच्या माणसाला बाहेर बसवणार?"

शनिवारी ती उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं, आवाज मात्र सरळ. तिनं सुरुवातच माझ्यापासून केली. आमच्या टीचर म्हणतात की घरून काम म्हणजे फसवणूक. मला तसं वाटत नाही. घरात बसून केलेल्या कामावर मी शिकले. आई दुपारी मशीन बंद करून मला वाढायची, कारखान्यात असती तर वाढू शकली नसती. काम घरी येतं हे मला चांगलं वाटतं. पण. आणि मग तिनं ते वाक्य घेतलं, 'मे पारेसे इनखुस्तो के', मला हे अन्यायाचं वाटतं की. गठ्ठा कधी येणार हे कोणी सांगत नाही हे अन्यायाचं वाटतं. आला की घर थांबतं. ईदच्या आदल्या दिवशी येतो, मुलगी आजारी असताना येतो, आणि उद्या सकाळी परत हवा असतो. नको म्हणालं तर पुढच्या वेळी दुसऱ्या घरी जातो. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आला. आईला एकटीला उरकणार नव्हतं, म्हणून मी शिवायला बसले. काम घरी यावं, पण विचारून यावं.

एकाही क्रियापदाला धक्का लागला नव्हता. पण खरं सांगते, मी ते मोजत नव्हते. मी शेठकडे बघत होते.

शेठना सगळं समजत होतं. टॉवेल, गठ्ठा, कड, हे शब्द त्यांनी माझ्याकडून सगळ्यांत आधी मागून घेतले होते. त्यांनी विचारलं, स्पॅनिशमध्येच, कुठला कारखाना? तहसीननं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यातच उत्तर होतं. शेठचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी हळूहळू, एकेक शब्द ठेवत म्हटलं, "नो क्रेओ के मी खेंते आगा एसो." माझी माणसं असं करत असतील असं मला वाटत नाही.

आता माझी पंचाईत बघा. हा माणूस चार महिने 'वाटत नाही'नंतर चुकीचं रूप वापरत होता. मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते. आणि आयुष्यातलं पहिलं बिनचूक वाक्य तो बोलला ते या मुलीला खोटं पाडायला. शिक्षिका म्हणून मला टाळी वाजवावीशी वाटली आणि पत्रकवाल्याची मुलगी म्हणून टेबल उलथावंसं.

दोन्ही करायची वेळ आली नाही. तहसीन म्हणाली, "यो नो लो क्रेओ. यो लो से." मला हे नुसतं वाटत नाही, शेठ, मला माहीत आहे.

शेठ उठले, वही पिशवीत घातली, मला मान हलवून जिना उतरले. खाली झेरॉक्सची घरघर तेवढी चालू होती.

त्यानंतर रझियाबीकडे गठ्ठा आला नाही. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते आणि तहसीन वर्गात येऊन नुसती बसायची. एका दुपारी गफूरभाई आले. टेम्पो रस्त्यात आडवा लावून वर आले, उभ्यानंच बोलले. आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त लागलं.

"मॅडम, तुमे बच्ची कू बोलना सिखाए, अच्छा किए. मेरी माँ कू, मेरी बीवी कू किसीने नहीं सिखाया. लेकिन अब मशीन बंद है. घर में वो बैठ के मशीन पोंछती रहती. ये मैं किसकू बोलूं?"

ते गेल्यावर मी कागद ओढला आणि पत्रक लिहायला घेतलं. शीर्षक, निषेध, मागणी, हात आपोआप चालत होता. उद्या शेठच्या कारखान्याच्या दारात वाटायचं, दोन संघटनांना फोन करायचा, सगळं ठरलं. तहसीन आली, तिनं ते वाचलं, सावकाश घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"परत तुमचंच मत, मॅडम?"

मग ती म्हणाली की ती आणि आई शेठकडे जाणार आहेत. मला यायचं असेल तर यावं, पण बोलायचं नाही. नऊ वर्षांत कुणी मला इतक्या सरळ शब्दांत गप्प केलं नव्हतं. मी गेले.

कारखान्याचं ऑफिस म्हणजे मागांच्या धडधडीला लागून असलेली एक काचेची खोली. शेठनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. रझियाबी खुर्चीच्या कडेवर बसली. शेठ बराच वेळ टेबलावरच्या टॉवेलची कड बोटानं चाचपत होते. मग म्हणाले की गठ्ठे थांबवले ते सगळ्यांचेच थांबवले, एका घराचे नाही. मधल्या माणसाला बोलावून विचारलं, बायांची काही तक्रार? तो म्हणाला, एकीचीही नाही, सोळा वर्षांत कोणी काही बोललं नाही. "मग मी स्वतः तीन घरं फिरलो," शेठ म्हणाले. "कोणी काही बोलेना. पण एका घरी आधीचा गठ्ठा पडला होता आणि शेजारी सलाईन लावलेलं माणूस झोपलं होतं." त्यांनी रझियाबीकडे बघितलं आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हे काम कसं व्हावं?

रझियाबी हसली. सवयीचं हसू. "मला काय वाटायचं, शेठ. तुमी म्हणाल तसं."

मला बोलायचं नव्हतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तहसीननं फक्त आईकडे बघितलं. बाहेर एक माग थांबला, कुणीतरी तुटलेला धागा जोडला असावा, आणि तो पुन्हा सुरू झाला. शेठ वाट बघत होते. हे मी मान्य करते की त्यांनी वाट बघितली. टॉवेलचा रंग न सांगता येणारा तो माणूस दुसऱ्याच्या मतासाठी गप्प बसून राहिला, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

मग रझियाबी टेबलाकडे बघत म्हणाली, "हप्त्यातले दोन दिवस ठरवून द्या. मंगळवार आणि शुक्रवार. शुक्रवार दुपारनंतर. त्या दिवशी गठ्ठा येऊ द्या, कितीबी मोठा. बाकी दिवस घर आमचं." थोडं थांबून तिनं पुढं जोडलं, "आणि दारात टाकून जायचं न्हाय. हाक मारायची."

शेठनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या वर्गाच्याच वहीत, क्रियापदांच्या मागच्या पानावर. रझियाबी लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिली. तिचं बोलणं कुणी लिहून घेतलेलं ती पहिल्यांदा बघत असावी.

पुण्याला दुसऱ्या परीक्षेला गफूरभाईंनी टेम्पोतूनच नेलं, मीही बरोबर गेले. तहसीन बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. विषय आला होता पर्यटन, ज्याची आम्ही काहीच तयारी केली नव्हती. तिनं परीक्षकांना सांगितलं की मी कधी पर्यटक झालेले नाही, त्यामुळे त्या बाजूचं मला मत नाही. पण पर्यटकांचं सामान वाहून नेणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे, त्या बाजूचं आहे, ते चालेल का? परीक्षक म्हणाले, चालेल. वेळ संपली तरी त्यांनी तिला थांबवलं नाही. गफूरभाईंनी हे सगळं ऐकलं आणि गाडी सुरू केली. रस्त्यात चौफुल्याला म्हणाले, "मेरा भी बोल दी उधर?" आणि पुढं सोलापूर येईपर्यंत हसत होते.

ती पास झाली. जागा तिच्यासाठी होती. दीड वर्ष झालं, पुण्यात आहे. कंपनीत साहेबाला 'मला तसं वाटत नाही' असं सांगणारी म्हणून तिची ओळख आहे, आणि साहेब तिला मीटिंगला मुद्दाम बोलावतो. शेठ अजून वर्गात येतात. लिमाच्या बाईंना त्यांनी गेल्या खेपेला सांगितलं, तुमचा हिरवा रंग मला चांगला वाटत नाही. ऑर्डर मिळाली, निळ्या रंगाची.

मला खंत नाही असं नाही. शेठच्या एका कारखान्याचे दोन दिवस ठरले, म्हणून शहरातल्या बाकीच्यांचे ठरलेले नाहीत. गठ्ठे अजून दारात पडतात. घरच्या शिलाईबद्दलचं वडिलांचं पत्रक खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही; त्यात फक्त शिवणाऱ्या बाईचं वाक्य नव्हतं, आणि तिच्या वतीनं आपण बोललो की झालं असं आम्ही बाप-लेक समजत आलो. त्या दहा मतांच्या कागदामुळे एका मुलीनं परक्या शहरात आपल्या आईला नाकारलं, हे मला विसरता येत नाही. विसरावं असंही मला वाटत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते आणि ती खरोखर पाळावी अशी इच्छा आहे. तुमच्या घरी, दुकानात, ऑफिसात जी व्यक्ती रोज तुमच्यासाठी काम करते, भांडी घासणारी, माल उतरवणारा, शिवून देणारी, तिला या आठवड्यात बसायला खुर्ची द्या आणि विचारा, हे काम कसं व्हावं असं तुम्हाला वाटतं? पहिलं उत्तर 'तुम्ही म्हणाल तसं' असंच येईल. ते उत्तर समजू नका. गप्प बसा आणि दुसऱ्या उत्तराची वाट बघा. आणि ते आलं की लिहून घ्या, तिच्यासमोर.